आधी गोष्ट, मग पुस्तक : ‘दिवास्वप्न’ वाचताना

दरवर्षी जून जवळ आला की शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास निघतो : यंदा मुलांना कोणतं पुस्तक लावायचं? बालवाडीच्या ताईंना चित्रांचं पुस्तक निवडायचं असतं, खासगी शाळेतल्या भाषाशिक्षकांपुढे तीन-चार प्रकाशनांचे संच पडलेले असतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना ग्रंथालयाच्या तुटपुंज्या अनुदानातून वाचनाची पुस्तकं आणायची असतात. निर्णय बहुधा घाईत होतो. किंमत, मुखपृष्ठ, शेजारच्या शाळेने काय घेतलं, एवढ्यावर यादी तयार होते. या प्रश्नावर मला सगळ्यांत नेमकं उत्तर सापडलं ते एका गोष्टीच्या पुस्तकात. गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ हे ते पुस्तक. नव्वद वर्षांपूर्वी गुजरातीत लिहिलेलं आणि पुढे हिंदी, मराठी, इंग्रजीत गेलेलं हे छोटेखानी पुस्तक बालशिक्षणाची कथा म्हणून आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण शिक्षकाने मुलांसाठी पुस्तक कसं निवडावं, याचा इतका बारकाईने केलेला विचारही त्यात आहे, आणि त्या अंगाने ते फारसं वाचलं जात नाही. म्हणून त्याच अंगाने ते वाचून पाहू.

गिजुभाई (1885–1939) मूळचे वकील. काही काळ पूर्व आफ्रिकेत राहून आलेला हा माणूस स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करू लागला, त्या ओघात मारिया माँटेसरींचं लेखन त्याच्या हाती आलं आणि वकिली मागे पडली. 1920 मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. याच भावनगरात ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. महाराष्ट्राशी गिजुभाईंचं नातं आहे ते ताराबाईंमुळे. पुढे 1945 मध्ये बोर्डीला आणि 1957 पासून डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्याची मुळं भावनगरच्या त्या बालमंदिरात आहेत. ‘दिवास्वप्न’ वाचताना मराठी शिक्षकाला अनोळखी वाटत नाही, त्याचं कारण हेही असावं.

पुस्तकाची बांधणी साधी आहे. गोष्ट सांगणारा स्वतः शिक्षक आहे. शिक्षणाविषयी त्याने पुष्कळ वाचलंय, विचार केलाय, पण वर्गात उभं राहण्याचा अनुभव त्याच्यापाशी नाही. तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. साहेब आधी हसतात, मग चौथीचा वर्ग देतात. अट एकच : वर्षअखेर परीक्षा होईल आणि मुलं तिला उतरली पाहिजेत. इथून वर्षभराची हकिगत चार भागांत उलगडत जाते. निवेदन प्रथमपुरुषी आहे, वाक्यं छोटी आहेत आणि संवाद भरपूर आहेत. वाचताना रोजनिशी चाळत असल्यासारखं वाटतं. लेखक कुठेही व्याख्यान देत नाही. जे पटवायचं ते तो वर्गात घडवून दाखवतो आणि वाचकाला तिथे नेऊन बसवतो.

पहिल्या दिवसाचं वर्णन या पुस्तकाची किल्ली आहे. हा शिक्षक आदल्या रात्री सगळं ठरवून आलेला असतो. आधी शांततेचा खेळ घ्यायचा, मग गाणं, मग मुलांशी गप्पा. टिपण तयार असतं, आणि वर्गात गेल्यावर सगळं कोसळतं. शांततेच्या खेळात मुलं आरडाओरडा करतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, कुणी कुणाचं ऐकत नाही. शेवटी तो मुलांना सोडून देतो आणि मुख्याध्यापकांचे बोल ऐकून घेतो. गिजुभाईंनी हा प्रसंग कुठलीही सारवासारव न करता लिहिला आहे. खेळ वाईट नव्हता. माँटेसरी पद्धतीत त्याला मोठं स्थान आहे, आणि भावनगरच्या बालमंदिरात तो उत्तम चालतही असेल. फक्त या मुलांना, या दिवशी तो लागू पडला नाही. चांगल्या पुस्तकाचंही नेमकं असंच होतं. एका शाळेत मुलांनी डोक्यावर घेतलेला संच दुसऱ्या शाळेत कपाटात धूळ खात पडतो, आणि आपण दोष देतो मुलांना. ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक मुलांना दोष देत नाही. आपण मुलांना न पाहताच योजना आखली, हे तो पहिल्याच दिवशी ओळखतो.

दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगतो. राजा-राण्यांची, लांबत जाणारी, थांबली की पुढे काय झालं म्हणून जीव टांगणीला लावणारी गोष्ट. काल दंगा करणारी मुलं आज पुढे सरकून बसतात. घंटा झाली तरी उठत नाहीत. ही गोष्ट एका दिवसात संपत नाही, ती चालूच राहते. वाचकाला वाटतं, शिक्षकाला मुलांना ताब्यात ठेवायची युक्ती सापडली. पण गिजुभाईंना एवढंच सांगायचं असतं, तर हे पुस्तक इतकी वर्षं टिकलं नसतं. गोष्ट सांगता सांगता हा शिक्षक वर्ग वाचत असतो. मुलांना कुठे हसू येतं, कोणत्या शब्दाला कपाळावर आठी पडते, कोण वाक्य पुरं व्हायच्या आत पुढचं ओळखतो, कोणाची नजर दाराकडे जाते, हे सगळं गोष्ट सांगणाऱ्याला समोर दिसतं. धडा वाचून घेणाऱ्याला ते दिसत नाही, कारण त्याचे डोळे पानावर असतात. मुलांची भाषा कुठवर पोचली आहे, त्यांची उत्सुकता कशाने जागी होते, याचा अंदाज घ्यायला गोष्टीइतकं सोपं आणि बिनखर्चाचं साधन शिक्षकाकडे दुसरं नाही.

त्यानंतर पुस्तकं येतात. हा क्रम मला या कलाकृतीतला सगळ्यांत मोलाचा भाग वाटतो. आधी कान जागे होतात, मग डोळे पानाकडे वळतात. गोष्टींची चटक लागलेल्या मुलांपुढे शिक्षक गोष्टींची पुस्तकं ठेवतो आणि वर्गाचं ग्रंथालय करायचं ठरवतो. त्यासाठी वेगळी वर्गणी मागत नाही. प्रत्येक मुलाने तेच ते क्रमिक पुस्तक विकत घेण्यापेक्षा तो पैसा एकत्र करावा आणि त्यातून निरनिराळी पुस्तकं आणावीत, असं तो सुचवतो. हिशेब अगदी सरळ आहे. वर्गात चाळीस मुलं असली आणि प्रत्येकाने एकच पुस्तक घेतलं, तर चाळीस प्रती होतात आणि वाचायला पुस्तक एकच राहतं. तोच पैसा वेगळा लावला तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला वर्षभरात चाळीस पुस्तकं येतात. खिसा तोच, खर्च तोच, फक्त निवडीची रीत बदलली. पुस्तकांना पैसे नाहीत, ही तक्रार आपल्या शाळांमध्ये खरी आहेच. पण असलेले पैसे एकाच शीर्षकात अडकवायचे की पसरायचे, हा निर्णय बहुतेक ठिकाणी घेतलाच जात नाही. तो आपोआप होऊन जातो. गिजुभाईंचा शिक्षक तो जाणूनबुजून घेतो.

याने आणखीही एक गोष्ट साधते. एकच पुस्तक सर्वांच्या हाती असलं की वर्गात पुढचा आणि मागचा अशा रांगा लागतात. कोण कितव्या धड्यावर आहे, हे सगळ्यांना कळतं. पुस्तकं वेगवेगळी झाली की तुलना सैल पडते. अडखळत वाचणारा मुलगा चार ओळींच्या पानाचं पुस्तक घेऊन बसू शकतो, सरसर वाचणारा जाड पुस्तकात बुडू शकतो, आणि दोघांनाही दुसऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी मिळतं. एकाच वर्गात चार पातळ्यांवरची मुलं असतात, हे प्रत्येक शिक्षकाला माहीत असतं. तरी पुस्तक निवडताना आपण सगळ्यांना एकाच मापाचा सदरा शिवतो. ‘दिवास्वप्न’मधलं छोटं ग्रंथालय या अडचणीवरचा साधा तोडगा आहे.

शिक्षक जसा पुस्तकं आणतो, तशी काही बाजूलाही ठेवतो, आणि ते कशासाठी ठेवतो हे पाहण्यासारखं आहे. इतिहास त्याला महत्त्वाचा वाटतो; पण पुस्तकातली नावं आणि सनावळी मुलांच्या मनात शिरत नाहीत, म्हणून तो इतिहास गोष्टीच्या रूपात सांगतो. कविता त्याला हवी असते. पण क्रमिक पुस्तकातल्या उपदेशी कवितांपेक्षा मुलांच्या ओठावर सहज रुळणारी लोकगीतं तो जवळ करतो. व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी तो खेळांतून शब्दांच्या जाती ओळखायला लावतो. तीन विषय आणि बाजूला ठेवण्याची तीन वेगळी कारणं. इतिहासाच्या पुस्तकात आशय होता पण माणसं नव्हती, कवितेत हेतू होता पण नाद नव्हता, व्याकरणात नियम होता पण त्याचा वापर नव्हता. पुस्तक आवडलं नाही म्हणणं सोपं आहे. ते नेमकं कुठे कमी पडतंय हे सांगता येणं हा शिक्षकाचा खरा व्यासंग, कारण उणीव कळली तरच तिच्या जागी काय आणायचं ते कळतं. शिवाय हा शिक्षक विषय सोडत नाही. चौथीचा अभ्यासक्रम पुरा करणं ही त्याने मान्य केलेली जबाबदारी आहे आणि वर्षाच्या शेवटी तो ती पार पाडतो. त्याचं स्वातंत्र्य या जबाबदारीच्या आत राहूनच फुलतं, म्हणून ते विश्वसनीय वाटतं.

या कथेतली विरोधक माणसंही गिजुभाईंनी समजुतीने रंगवली आहेत. मुख्याध्यापकांना शिस्तीची काळजी आहे. सहकारी शिक्षकांना अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची धास्ती आहे. पालकांना वाटतं, पाठ्यपुस्तकाशिवाय शिकवणं म्हणजे मुलाचं वर्ष वाया घालवणं. यांतली एकही शंका खोटी नाही, आणि लेखक कुणालाही खलनायक करत नाही. कथेतला शिक्षक प्रत्येकाशी बोलतो, समजावतो, काही वेळा थोडी माघार घेतो, आणि शेवटी मुलांचं काम त्यांच्यापुढे ठेवतो. शिक्षणाधिकारी साशंक असूनही दार बंद करत नाहीत, म्हणून प्रयोग तग धरतो. आजही शिक्षकाने निवडलेलं पुस्तक वर्गात टिकेल की नाही, हे या तीन माणसांवर ठरतं : मुख्याध्यापक, सहकारी आणि पालक. त्यांना आधी विश्वासात घेतलं नाही, तर उत्तम यादीसुद्धा कागदावरच राहते.

पुस्तकाच्या मर्यादाही मांडायला हव्यात. कथेतल्या शिक्षकाला एकच वर्ग सांभाळायचा आहे, साहेबांचा आधार आहे, आणि प्रयोगाची मुदत एका वर्षाची आहे. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र घेऊन बसलेल्या, त्यात पोषण आहाराच्या नोंदी आणि ऑनलाइन माहिती भरणाऱ्या आजच्या शिक्षकाची परिस्थिती याहून अवघड आहे. कथेतला वर्ग मुलग्यांचा आहे, आणि शाळेच्या दाराबाहेर राहिलेल्यांचा प्रश्न त्यात केंद्रस्थानी येत नाही. तो पुढे ताराबाई आणि अनुताईंनी हाती घेतला. वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. शिंपले, बिया, पानं, खडे अशा जवळपासच्या वस्तूंची शैक्षणिक साधनं केली. मुलांच्या अंगणात जे आहे तिथून शिकवायला सुरुवात करायची, हे ‘दिवास्वप्न’मधलं सूत्र कोसबादला अधिक खोलवर गेलेलं दिसतं.

आता आपल्या शाळांकडे येऊ. महाराष्ट्रात एकेकाळी शाळांना निरनिराळ्या वाचनमालांतून निवड करता येत असे. आचार्य अत्र्यांची ‘नवयुग वाचनमाला’ त्याच काळातली. मुलांच्या पुस्तकात रंजकपणा आणि ताजी भाषा हवी, या आग्रहातून ती तयार झाली होती. 1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यासाठी एकच पाठ्यपुस्तक ही व्यवस्था रुजली. तिचं मोल मोठं आहे. गडचिरोलीतल्या पाड्यावरच्या मुलीच्या हाती आणि पुण्यातल्या मुलाच्या हाती सारखंच पुस्तक पडतं, ते स्वस्त असतं, सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत मोफत मिळतं आणि अनेक माध्यमांत छापलं जातं. मग शिक्षकाला निवडायला उरलं काय? पुष्कळ काही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने एकाच पाठ्यपुस्तकावर विसंबून न राहता पुस्तकांची विविधता असावी, असं स्पष्टपणे सुचवलं होतं. ठरवून दिलेलं पुस्तक हातात असतानाही कोणता धडा आधी घ्यायचा, कोणत्या धड्याला चार तास द्यायचे आणि कोणता एका तासात संपवायचा, कोणत्या धड्याच्या जोडीला दुसरं कोणतं पुस्तक ठेवायचं, हे शिक्षकच ठरवतो. वर्गातला वाचनकोपरा, ग्रंथालयाची खरेदी, बालवाडीची पुस्तकं, खासगी शाळांतले संच, महाविद्यालयातले संदर्भग्रंथ या ठिकाणी तर निवड पूर्णपणे त्याच्या हाती असते.

‘दिवास्वप्न’मधल्या शिक्षकाकडून पहिली कसोटी घ्यायची ती मोठ्याने वाचण्याची. तो मुलांपुढे स्वतः वाचून दाखवतो, वाचन कसं असावं याचा नमुना घालून देतो. पुस्तक निवडताना हीच रीत वापरावी. मधलं कोणतंही पान उघडून ते मोठ्याने वाचावं. पहिला धडा बघू नये. तो सगळ्याच पुस्तकांत चांगला असतो आणि विक्रेताही तोच दाखवतो. वाचताना जीभ अडखळली, वाक्याच्या शेवटापर्यंत जाता जाता सुरुवात विसरायला झाली, किंवा कुणीही घरात बोलत नाही अशी वाक्यं आली, तर ते पान मुलाच्याही घशाखाली उतरणार नाही. याचा अर्थ पुस्तकात एकही अनोळखी शब्द नसावा असा नाही. नवा शब्द हवाच. पण आजूबाजूच्या ओळखीच्या शब्दांनी त्याला आधार दिलेला असावा, म्हणजे मूल अर्थाचा अंदाज बांधू शकतं. ज्या मुलांच्या घरात कोरकू, भिली, गोंडी किंवा वारली बोलली जाते, त्यांच्यासाठी पहिल्या वर्षी चित्रांवर चालणारी, कमी मजकुराची आणि शक्य असेल तिथे द्विभाषिक पुस्तकं घ्यावीत. त्या मुलांना बुद्धी कमी नसते. त्यांना एकाच वेळी वाचायलाही शिकायचं असतं आणि नवी भाषाही शिकायची असते. पुस्तकाने दोन्ही ओझी एकदम टाकू नयेत.

दुसरी कसोटी स्वाध्यायांची. पुस्तकाचा खरा स्वभाव धड्याखालच्या प्रश्नांत कळतो. एक वाक्य घेऊ : ‘मुंजळ्या ढोपटाने सकाळी नदीकाठी तीन लोहऱ्या झिपल्या.’ या वाक्यात अर्थ काहीच नाही. तरी प्रश्न विचारून पाहा. लोहऱ्या कोणी झिपल्या? मुंजळ्या ढोपटाने. केव्हा झिपल्या? सकाळी. कुठे झिपल्या? नदीकाठी. किती झिपल्या? तीन. चारही उत्तरं बरोबर, चारपैकी चार गुण, आणि समजलं काहीच नाही. आपल्या किती पुस्तकांतले किती प्रश्न या जातीचे असतात, हे शिक्षकाने एकदा पेन्सिलने खुणा करून मोजावं. प्रश्नातला प्रश्नार्थक शब्द काढून तिथे धड्यातला शब्द ठेवला की उत्तर तयार होतं, अशा प्रश्नांनी मूल नक्कल करायला शिकतं. त्यांच्या जागी ‘आजीने दार का उघडलं नसेल?’, ‘तुझ्या घरी असं झालं असतं तर कोण काय म्हणालं असतं?’ असे प्रश्न असलेलं पुस्तक मिळालं, तर त्याचा कागद थोडा साधा असला तरी ते घ्यावं. अशा प्रश्नांना वर्गात पाच उत्तरं येतात, मुलं एकमेकांशी वाद घालतात आणि कारण सांगण्यासाठी पुन्हा धड्याकडे वळतात. स्वाध्यायाकडून याहून जास्त काय हवं?

तिसरी कसोटी चित्रांची आणि माणसांची. पुस्तकात कोण दिसतं? आई कायम स्वयंपाकघरात आणि बाबा कायम वर्तमानपत्राआड आहेत का? शेतकरी, कोळी, धनगर, सफाई कामगार यांची मुलं गोष्टीत नायक होतात, की नुसती मदत घेणारी म्हणून येतात? चालताना कुबडी वापरणारी मुलगी खेळाच्या चित्रात आहे का? मुलाला पुस्तकात आपल्यासारखं कुणी कधीच भेटलं नाही, तर पुस्तकं आपल्यासाठी नसतात असं ते मनाशी धरून बसतं. आणि नेहमी फक्त आपल्यासारखेच भेटले, तर जग लहान राहतं. चांगल्या निवडीत दोन्ही हवं. माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ आणि ‘राधाचं घर’ या पुस्तकांत साध्या घरातलं रोजचं जगणं चित्रांत आणि शब्दांत इतक्या नेमकेपणाने येतं, की लहान मूल त्यात स्वतःला ओळखतं. त्यांच्याच ‘वाचू आनंदे’मध्ये निवडीचा दुसरा नमुना आहे. मराठी साहित्यातले वेचे वयोगटांनुसार आणि विषयांनुसार मांडलेले, आणि सोबत चित्रकलेचे नमुने. पूरक वाचनाची यादी करणाऱ्या शिक्षकाने वेचे एकमेकांशी कसे बोलतात, हे पाहण्यासाठी तरी ते पुस्तक सावकाश चाळावं.

पातळीचा प्रश्न उरतोच. इयत्तेवरून पुस्तक ठरवणं सोयीचं असतं, पण पाचवीतल्या मुलाचं वाचन दुसरीच्या पातळीवर असू शकतं. त्याला दुसरीचं पुस्तक दिलं तर अपमान वाटतो, पाचवीचं दिलं तर वाचता येत नाही. अशा मुलासाठी भाषा सोपी पण आशय त्याच्या वयाचा, असं पुस्तक शोधावं लागतं. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेने पुस्तकांवर वाचनपातळ्या छापल्या, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर 2015 पासून अनेक भाषांतली पुस्तकं विनामूल्य वाचता आणि छापून घेता येतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत. वर्गाच्या ग्रंथालयाला आज पूर्वीइतका पैसा लागत नाही. लागतो तो शोधण्याचा वेळ, आणि शोधलेलं वाचून पाहण्याची तयारी.

शेवटची कसोटी मुलांवरच घ्यायची. दोन पुस्तकांत निवड होत नसेल, तर दोन्हींची एकेक प्रत आणून आठवडाभर वर्गात उघडी ठेवावी. सहा-सात वेगवेगळ्या ताकदीची मुलं निवडून त्यांच्यासोबत एकेक पान वाचावं. कोणत्या पुस्तकाची पानं मळली, कोणतं मधल्या सुटीत उचललं गेलं, कोणतं पुस्तक घरी न्यायला मागितलं, याची साधी नोंद ठेवावी. सोबत अक्षरांचा आकार, ओळींमधली जागा, शिवण आणि कागद पाहावा. एका सत्रात पानं सुटणारं पुस्तक स्वस्त नसतं. मग चार सहकाऱ्यांनी आणि दोन पालकांनी बसून ठरवावं. निर्णयाची कारणं लिहून ठेवावीत, म्हणजे पुढच्या जूनमध्ये नव्याने आलेल्या शिक्षकाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि विक्रेत्याच्या सवलतीपेक्षा वजनदार असं काहीतरी समितीपुढे राहतं.

हे सगळं ‘दिवास्वप्न’मध्ये नियम म्हणून लिहिलेलं नाही. गिजुभाई कुठेही पुस्तक निवडण्याची सूत्रं देत नाहीत, आणि पुस्तकाचं सौंदर्य त्यातच आहे. ते एक शिक्षक दाखवतात : पडणारा, पाहणारा, मुलांच्या चेहऱ्यावरून आपली योजना बदलणारा. त्याच्या वागण्यातून वाचक स्वतःची सूत्रं काढतो. प्रबंधाला हे जमलं नसतं. कथेला जमलं, कारण कथेत शिक्षक एकटा नाही. त्याच्यासमोर जिवंत, चळवळी, कंटाळणारी आणि हरखून जाणारी मुलं आहेत आणि प्रत्येक निर्णय त्यांच्या डोळ्यांदेखत होतो.

पण या शिक्षकाला हे सगळं जमलं, त्यामागे एक गोष्ट आहे जिच्याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. त्याला गोष्टी येत होत्या. दुसऱ्या दिवशी सांगायला त्याच्याकडे एक लांब, रंगतदार गोष्ट होती, कारण तो वाचणारा होता. खुद्द गिजुभाईंनी मुलांसाठी लोककथा गोळा केल्या, लिहिल्या, गुजराती बालसाहित्यात मोठी भर घातली. निवड करायची तर निवडण्याजोगं मनात बरंच काही असावं लागतं. ज्या शिक्षकाने गेल्या वर्षभरात मुलांचं एकही नवं पुस्तक वाचलं नाही, त्याच्यापुढे शंभर कसोट्या ठेवल्या तरी तो मुखपृष्ठ आणि किंमत पाहूनच ठरवणार. शिक्षकांच्या प्रशिक्षणात बालसाहित्याच्या वाचनाला तास हवेत. शाळेच्या ग्रंथखरेदीत शिक्षकांसाठीही पुस्तकं हवीत. शिक्षण परिषदेत आकडेवारीइतकाच वेळ, या महिन्यात कोणी काय वाचलं आणि वर्गात काय चाललं, याला मिळायला हवा. हे झालं तर जूनमधला प्रश्न घाईत सोडवावा लागणार नाही. वर्षभर मुलांसोबत वाचणाऱ्या शिक्षकाची यादी मार्चमध्येच तयार झालेली असेल.